गच्चीवर आखलेलं घर

घाटकोपरच्या आमच्या खोलीत आत्या आंधळी नव्हती. म्हणजे डोळे गेलेलेच होते, काचबिंदूने आधी डावा आणि वर्ष-दीड वर्षाने उजवा. पण दहा बाय पंधराच्या त्या खोलीत आणि बाहेरच्या लांबलचक गॅलरीत तिचं डोळ्यांवाचून काही अडत नसे. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी पाइपात घरघर व्हायची. ती ऐकून आत्या उठायची, पिंपाचं झाकण काढून नळाखाली रबरी नळी लावायची आणि पिंप भरत आलं की पाण्याच्या आवाजावरून बरोबर वेळेला नळ बंद करायची. मग स्टोव्हचा भर्र आवाज, खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आणि तिचं ते ठरलेलं, ‘उठा रे, चहा गार होतोय.’ चहा गार होत नसायचाच, अजून उकळतसुद्धा नसायचा. तिखटाच्या डब्याला तिने दोन रबरं लावली होती, हळदीच्या डब्याला एक, आणि आईने घाईत डब्यांची जागा बदलली तर दिवसभर बोलणी खावी लागत. वारा फिरून देवनारच्या कचऱ्याचा धूर आला की आमच्या आधी तिला कळायचं आणि ती खिडक्या ओढून घ्यायची. माझा धाकटा भाऊ उल्हास उनाडून घरी आला की त्याला जवळ बोलावून हात हुंगायची आणि कैरी खाल्ली की बोरं ते सांगायची. त्याला ती जादू वाटायची. मला त्यावेळी अकरावं लागलं होतं, जादूवरचा विश्वास उडाला होता, पण मीही कैरी खाल्ल्यावर हात धुऊनच तिच्यासमोर जायचे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आजी-आजोबा लवकर गेले तेव्हा ती एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आणि बाबांना तिने शिकवलं, नोकरीला लागेपर्यंत सांभाळलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. वीस-बावीस वर्षं पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या बाटल्यांची लेबलं सरळ आहेत की नाहीत एवढंच ती बघत होती, आणि मग एक दिवस तिला ती लेबलं दिसेनाशी झाली. हे सगळं मला आईने सांगितलं. आत्या स्वतः याबद्दल कधी बोलली नाही. आमच्या मजल्यावर मात्र एक अलिखित नियम होता: गॅलरीच्या भिंतीच्या बाजूला कुणी बादली ठेवायची नाही, चपला काढायच्या नाहीत. त्या बाजूने आत्या चालायची. पाहुण्याने चुकून बॅग ठेवली तरी शेजारच्या जयाबेन धावत येऊन ती उचलायच्या आणि पाहुण्याला गुजराती-मराठी दोन्ही भाषांत झापायच्या.

चाळीबाहेरची आत्या मला कळली ती मढला. बाबांना रविवारी कुठेतरी न्यायची हौस होती आणि एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना, आत्यासकट, मढला समुद्र दाखवायला नेलं. मालाडहून बस, मग वाळूतून चालणं. उल्हास आणि मी पाण्यात जायला नुसते तडफडत होतो, पण आत्याने माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. वाळूत पाय रुतला की तिची नखं माझ्या कातडीत घुसायची. तिने दिवसभर काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही; कारण पाणी प्यायलं की पुढचं आलं, आणि तिथे अनोळखी ठिकाणी ती कुठे जाणार होती? उल्हासने तिच्या तळहातावर शिंपले ठेवले तेव्हा ती हसली, पण ते हसणं फोटोसाठी हसल्यासारखं होतं. संध्याकाळी परत आलो, चाळीच्या जिन्याला तिचा पाय लागला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर तिने माझं मनगट सोडून दिलं. माझ्या आधी वर पोचली. मी खाली उभी राहून मनगटावरचे चार लाल चंद्र बघत होते, आणि तेव्हा पहिल्यांदा मला तिची काळजी वाटली. कारण आमचं मुलुंडचं नवं घर तोवर बुक झालं होतं.

मुलुंडचं घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि घरातल्या घरात संडास. हे शेवटचं आई ज्या सुरात म्हणायची त्या सुरात लोक देवाचं नाव घेतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सगळ्यांना आनंद झाला होता आणि आनंदाच्या मध्ये कुठेतरी आत्या बसली होती, मटार सोलत. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं भाऊ-बहीण झोपल्याचं सोंग करून पडलो होतो आणि आई-बाबा गॅलरीत हळू आवाजात बोलत होते. आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आज कळतं. ती शाळेत शिकवायची, बाबा ऑफिसात, आम्ही मुलं शाळेत. बंद दारांचा मजला, नवा गॅस, शेजारी कोण कुठले. ताईंना काही झालं तर कुणाला कळणारही नाही, असं ती म्हणत होती. बाबा म्हणाले की ताईनेच सांगितलंय, मला चिपळूणला अण्णाकडे सोड. अण्णाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. मोठं घर, माणसं चांगली. पण आत्या त्यांच्याकडे दोन दिवसांवर कधी राहिली नव्हती. ‘नव्या घरात मी सामानासारखी एका कोपऱ्यात बसून राहणार नाही, असं म्हणाली,’ बाबांनी सांगितलं. उल्हासने चादरीखालून माझा हात धरला. तो आठ वर्षांचा होता आणि आत्याच्या कुशीत शिरल्याशिवाय त्याला झोप येत नसे.

उपाय माझ्या डोक्यातून निघाला, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या माथी. आत्याला घाटकोपरची खोली पाठ आहे म्हणून इथे तिला भीती वाटत नाही. मग मुलुंडचं घर आधीच पाठ करून घेतलं तर? इमारतीत अजून जिन्याला कठडे नव्हते, आत कुणाला सोडत नव्हते. पण घराचा नकाशा बाबांच्या कपाटात हिरव्या फायलीत होता. त्या फायलीला हात लावायची आम्हाला सक्त मनाई होती. आई-बाबा कामावर गेलेले बघून मी तो काढला आणि बाबांनी ऑफिसातून आणलेला एक कार्बन पेपर घेतला. नकाशाखाली कार्बन, कार्बनखाली वहीचा कोरा कागद, असं ठेवून मी पेन्सिलीने सगळ्या भिंती गिरवल्या. उचलून बघते तर वहीचा कागद कोराच. मी कार्बन उलटा ठेवला होता. त्याची काळी बाजू वर आली होती आणि सगळ्या रेघा नकाशाच्याच पाठीवर उमटल्या होत्या. खोडरबराने त्या जाईनात, उलट फासल्या जायला लागल्या. जिन्यावर पावलं वाजली तसं काही सुचेना. मी त्या पाठीवरच्या रेघा बघून भराभरा वहीत घर काढून घेतलं, कारण त्या बाजूला आकडे आणि बाण यांची गर्दी नव्हती, भिंती तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या. नकाशा होता तसा फायलीत गेला. वहीतल्या घरात दारातून आत गेलं की हॉल, हॉलच्या टोकाला डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे बेडरूम. मला ते अगदी बरोबर वाटलं.

परीक्षा संपल्या आणि आम्ही गच्चीवर घर बांधलं. आत्याच्या शिवणकामाच्या टेपने मोजून खडूने भिंती आखल्या, आणि खडू पायाला कळत नाही म्हणून रेघांवर सुतळी टाकून तिच्यावर थोड्या-थोड्या अंतराने विटा ठेवल्या. उन्हाने गच्ची तापायच्या आत, सकाळी सातला, आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळी आत्याला वर न्यायचं. पहिल्या दिवशी ती हसत होती, पोरांची मजा म्हणून आली होती. उल्हास त्या घरातलं सगळं काही होता. तो दाराची बेल होता, तो कुकर होता, संडासात जाऊन तो फ्लशचा आवाज काढायचा, आणि हे काम त्याला इतकं आवडायचं की कुणी संडासात गेलेलं नसलं तरी फ्लश चालूच. दार म्हणून तो हात पसरून उभा राहायचा आणि आत्याने त्याला ढकललं की करकर वाजत उघडायचा. मी शिक्षिका. दारातून सरळ सात पावलं, मग डावीकडे वळायचं, दोन पावलांवर ओटा. ओट्याच्या जागी आम्ही पाण्याची जुनी पत्र्याची टाकी आडवी केली होती. बेडरूमसाठी उजवीकडे. जयाबेन पापड वाळत घालायला वर यायच्या तेव्हा आमच्या भिंतींवरून कधी आल्या नाहीत. दाराशी थांबून ‘टिंग टाँग’ म्हणायच्या आणि आत्या आतून ‘या ना’ म्हणायची. आठवड्याभरात आत्याचं हसणं थांबलं आणि ती गंभीरपणे चालायला लागली. खालच्या खोलीतसुद्धा तिची बोटं मांडीवर हलत असायची, सात, वळण, दोन. एकदा बाबाही वर येऊन बघून गेले. घर त्यांना हुबेहूब वाटलं, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की पोरीला इंजिनिअर करू. डावं-उजवं त्यांच्याही लक्षात आलं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आत्या एकटी, कुणाचा हात न धरता, सगळं घर फिरली. स्वयंपाकघरातून बेडरूम, बेडरूममधून मोरी, परत हॉल. एकदाही सुतळीवर पाय पडला नाही. मग हॉलच्या मधोमध उभी राहिली, पदराने मान पुसली आणि बाबांना हाक मारून बोलावायला सांगितलं. बाबा वर आले, तर म्हणाली, ‘वसंता, अण्णाला पत्र टाक. म्हणावं, येत नाही.’ बाबांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं आणि उल्हासने ते पेटीत टाकलं. आईने शिरा केला. मी इतकी खूश होते की मला तो खाववेना.

पुढच्या रविवारी बाबा आम्हा दोघांना तयार झालेलं घर दाखवायला घेऊन गेले. आईला पापडांचं काम होतं, आत्या म्हणाली मी एकदम राहायलाच येईन. नव्या रंगाचा वास, लाद्यांवर सिमेंटचे डाग. बाबांनी कुलूप उघडलं आणि उल्हास ओरडत आत धावला. मी दारातून सरळ सात पावलं गेले, सवयीने, मोजत, आणि डावीकडे वळले. समोर बेडरूमची खिडकी होती. मी परत दाराशी गेले. पुन्हा सात. डावीकडे बेडरूम, उजवीकडे ओटा. मोरी त्या बाजूला नव्हती, या बाजूला होती. सगळं घर कुणीतरी आरशात बघून बांधल्यासारखं होतं, आणि तिथे नव्या लाद्यांवर उभं राहून मला ती नकाशाची पाठ आठवली, कागदाच्या मागून दिसणारं घर. उल्हासच्या काही लक्षात आलं नव्हतं, तो खराखुरा फ्लश ओढून बघत होता. बाबा खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून मला बोलावत होते. मी गेले आणि डोंगर बघितला.

घरी आलो तेव्हा आत्या दाराशीच उभी होती. आमची पावलं तिने जिन्यापासूनच ओळखली असणार. उल्हास फ्लशबद्दल बोलत सुटला, पण तिने त्याला थांबवलं आणि मला विचारलं, ‘सुनू, तू सांग. आपल्या गच्चीवरच्यासारखंच आहे ना?’

मी म्हटलं, ‘अगदी तस्संच.’

आता आमची ती मुलुंडची इमारतही पाडायला निघालीय, नव्या टॉवरसाठी. परवा बिल्डरच्या ऑफिसात एका मुलाने पडद्यावर आम्हाला आमचं होणारं घर फिरवून दाखवलं, दारातून आत, हॉलमधून किचनपर्यंत, आणि विचारलं की लेआउट ओके आहे ना. माझे यजमान हो म्हणाले. मी मात्र त्या मुलाला दोन-दोनदा विचारलं की प्रत्यक्षात असंच असेल ना, डावं ते डावंच ना. त्याला वाटलं असेल, म्हातारी कटकटी आहे. असो.

त्या रविवारनंतर मुलुंडला राहायला जायला बारा दिवस होते. बारा दिवस मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं ऊन बाधलं, तिने कोकम सरबताचा मारा केला. खरं सांगितलं तर आत्या चिपळूणला जाणार, हे मला पाटीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. एक घर पाठ करायला तिला महिना लागला होता, बारा दिवसांत दुसरं कुठून होणार? शिवाय तो नकाशा. खरं सांगायचं म्हणजे त्यावेळी मला आत्यापेक्षाही त्या हिरव्या फायलीची जास्त भीती वाटत होती, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी माझ्या परीने धडपडले. एका सकाळी मी सुतळी उचलून घर उलटं मांडायला घेतलं आणि आत्याला म्हटलं, आज आपण उलटं घर खेळू या. ती दोन पावलं चालली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर मढचं ते फोटोसाठीचं हसू आलं. म्हणाली की आता कुठे डोक्यात पक्कं बसलंय, उगाच घोळ घालू नकोस. मग एकदा भाजी निवडताना मी हळूच विचारलं, समजा, नवं घर उलटं निघालं तर. ती हसली आणि म्हणाली, उलटं म्हणजे काय, पाय वर? आणि मग निर्धास्तपणे म्हणाली, ‘तू बघून आलीस ना? मग झालं.’ रोज सकाळी सातला ती वर जायची आणि मी बाजूला उभी राहून तिला डावीकडे वळताना बघायचे. तिचं चालणं रोज जास्त झोकात होत होतं. मला वाटायचं, काहीतरी होऊन घरच रद्द व्हावं. बिल्डर पळून जावा. मला टायफॉइड व्हावा. यातलं काही झालं नाही.

सामानाचा टेम्पो बाबा आणि उल्हासबरोबर सकाळीच गेला. आई, आत्या आणि मी मागून टॅक्सीने. चाळीतून निघताना आत्या रडली नाही. जयाबेनच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, बादली आता कुठेही ठेवा. टॅक्सीत ती ताठ बसली होती, बोटं मांडीवर हलत होती, सात, वळण, दोन. मी तिच्या शेजारी बसले होते. एल.बी.एस. रोडवर प्रत्येक सिग्नलला मी ठरवत होते, आता सांगते. सिग्नल सुटला की टॅक्सी पुढे जायची. आईने ठरवलं होतं की घरात मोठी म्हणून पहिलं दूध आत्यानेच उतू घालायचं. तीन मजले चढून वर गेलो तेव्हा दाराशी नवे शेजारीही कौतुकाने जमले होते. हमाल आत ट्रंका आणि गोण्या टाकून गेले होते, नेमक्या बेडरूममध्ये. बाबांनी हात पुढे केला, तर आत्याने तो बाजूला सारला. ‘कुणी धरू नका मला,’ म्हणाली. ‘माझं घर मला माहितीय.’ हातात दुधाचं पातेलं, काठोकाठ भरलेलं. उंबरा ओलांडला. मी मनात तिच्याबरोबर मोजत होते. सातव्या पावलावर ती सुंदर वळली, डावीकडे.

आईने ‘ताई, अहो’ म्हटलं, पण तोवर आत्या दोन पावलं पुढे गेली होती. जिथे ओटा असायला हवा होता तिथे तिने पातेलं ठेवलं, म्हणजे हवेतच सोडलं. दूध तिच्या पायांवर, साडीवर, लाद्यांवर पसरलं, आणि टेकायला म्हणून ती पुढे वाकली ती थेट ट्रंकेवर कोसळली. हनुवटी फुटली, मनगट दुमडलं गेलं. रक्तापेक्षाही मला आठवतं ते तिचं खाली बसून दोन्ही हातांनी चाचपणं. ट्रंक, गोणी, भिंत, पुन्हा ट्रंक. एवढ्या माणसांसमोर ती लहान मुलासारखी चाचपत होती आणि म्हणत होती, ‘इथे होता ना रे ओटा. इथेच होता.’ शेजारी एकेक करून मागे सरले. उल्हास भोकाड पसरून रडायला लागला.

बाबा भयंकर संतापले, बिल्डरवर. नकाशा बदलून आपल्याला फसवलं असं म्हणत त्यांनी गोण्यांतून हिरवी फाइल शोधून काढली. नकाशा उघडला, घराकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे. नकाशा बरोबर होता. मग त्यांनी तो सहज उलटला आणि पाठीवरच्या काळ्या, फासलेल्या रेघा त्यांना दिसल्या. मी सांगून टाकलं: कार्बन उलटा लागला, मी मागच्या बाजूने घर उतरवलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग, आश्चर्य म्हणजे, त्यांचा राग ओसरला. एवढ्याशा पोरीने आत्यासाठी केलं, चूक झाली, असं ते म्हणाले. आईने मला जवळ घेतलं. मला मार मिळायला हवा होता आणि मला कुशीत घेतलं गेलं, आणि मी ते घेतलं. अण्णाला तार करतो, असं बाबा आत्याला हळूच म्हणाले, तेव्हा तिने मान हलवली. पडले ते या घरात पडले, आता इथेच उठेन, म्हणाली.

दुपारी आई डॉक्टरकडून आणलेली गोळी शोधत होती, बाबा हमालांशी बोलायला खाली गेले होते आणि उल्हास त्यांच्याबरोबर. आत्या बेडरूमच्या खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती, हनुवटीला पट्टी, मनगटाला फडकं. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले. तिने पेला घेतला नाही. आई ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाली, ‘सुनू, त्या रविवारी घर बघून आलीस, तेव्हा मी तुला विचारलं होतं ना?’

मी हो म्हटलं.

‘तेव्हा तुला कळलं होतं?’

मी पुन्हा हो म्हटलं. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या.

‘मग बारा दिवस मी चालत होते, तेव्हा तू उभी राहून काय बघत होतीस गं?’

तू चिपळूणला गेली असतीस, असं काहीतरी मी पुटपुटले असेन, पण ते पुरेसं नव्हतं हे मला अकराव्या वर्षीही कळत होतं. तिने हात पुढे करून पेला मागितला, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘वसंताला सांगू नकोस. मारेल तुला.’ तिने स्वतःही कधी सांगितलं नाही. शेवटपर्यंत हे आमच्या दोघींतच राहिलं.

ती घर शिकली. उल्हासला खांद्याशी धरून, दारापासून, पहिल्यापासून. पावसाळा लागेपर्यंत ती नव्या ओट्यावर चहा करत होती आणि आम्हाला तो गार होत असल्याच्या धमक्या देत होती. पुढे ती आमच्याकडेच राहिली, सव्वीस वर्षं. माझ्यावर तिने माया कमी केली असं मला म्हणता येणार नाही. माझ्या लग्नात तिने बोटांच्या अंदाजाने स्वतः शिवलेला ब्लाउज मी घातला होता, माझ्या मुलीला पहिलं न्हाऊ तिने घातलं. मी तिला दवाखान्यात नेलं, बाजारात नेलं, रात्रीची बस पकडून चिपळूणला अण्णाकाकांच्या नातवाच्या मुंजीला नेलं. पण काहीतरी तिने माझ्याकडून परत घेतलं होतं आणि ते मला कधी मिळालं नाही. मीही कधी मागितलं नाही. कोणत्या तोंडाने मागणार होते?

तिच्या शेवटच्या वर्षातली एक गोष्ट. दवाखान्यातून आम्ही तिला घरी आणत होतो, उल्हास आणि मी. ती फार थकली होती, एकेक पायरी थांबत चढत होती आणि तिचा दंड माझ्या हातात होता. तिसऱ्या मजल्याजवळ आल्यावर मी तिला धीर द्यायला म्हटलं, ‘आत्या, आता तीनच पायऱ्या राहिल्या.’ ती थांबली. पाय उचलला नाही. मान थोडी मागे वळवून म्हणाली, ‘उल्या, तीनच ना रे?’ उल्हास मागून पिशव्या घेऊन येत होता, खांदा आणि कान यांच्यात मोबाइल दाबून ऑफिसशी बोलत होता. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. ‘हो गं,’ म्हणाला. आणि आत्याने पाऊल टाकलं.